श्टेर्नाउच्या गढीतलं विरजण

१

श्टेर्नाउच्या गढीत अडीचशे वर्षं बिअर बनत होती, आणि एवढ्या वर्षांत भट्टीघराच्या पायरीवर बसून कुणी रडलं होतं अशी नोंद थेक्लाला जुन्या कागदांत कुठे सापडली नव्हती. म्हणून त्या बुधवारी दुपारी आफ्रा हॉलराइटर पायरीवर बसलेली दिसली तेव्हा थेक्लाला वाटलं, बाईचा पाय मुरगळला.

"पाय नाही," आफ्रा म्हणाली. "यीस्ट गेलं."

आफ्रा चव्वेचाळीस वर्षांची. वीस वर्षं वडिलांच्या हाताखाली राबल्यावर गेली दोन वर्षं भट्टी एकट्या तिच्या हातात होती. रडतानाही तिच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्याच होत्या.

थेक्लाने चार महिन्यांच्या झीटाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि आत डोकावली. यीस्टची खोली एवढीशी, झऱ्याचं पाणी भिंतीतून खेळवलेलं, पाऊल टाकताच अंगावर काटा येईल इतकी गार. कट्ट्यावर एक तांब्याचं भांडं असायचं. त्यात पाण्याखाली पांढरट साका बसलेला असायचा. मागच्या बिअरमधून काढायचा आणि पुढच्या बिअरला लावायचा. घरात त्याला विरजणच म्हणत. ते आगीतून वाचलं होतं, दोन युद्धांतून वाचलं होतं. श्टेर्नाउच्या बिअरला जी चव होती ती त्या साक्याची होती.

आता भांडं रिकामं होतं. नुसतं रिकामं नाही, घासूनपुसून लख्ख केलेलं. झाकण शेजारी उपडं वाळत घातलं होतं.

"जेवणाच्या घंटेपूर्वी होतं," आफ्रा म्हणाली. "जेवून आले तर हे असं."

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ लोरेन्झ अंगण ओलांडून आला. तो गढीची कचेरी सांभाळायचा, बाटल्यांवरचे कागद छापून घ्यायचा, शहरातल्या हॉटेलवाल्यांना भेटायचा. भट्टीघरात त्याने कधी पाय ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. त्याने भांड्यात वाकून पाहिलं आणि सावकाश मान हलवली.

"भांडं धुवून ठेवलंय," तो म्हणाला. "चोराला एवढी उस्तवार कशाला? हे भट्टीतल्या माणसाचं काम आहे, ताई. अशी माणसं या घरात तीन. बाबांना गुडघ्यामुळे चालवत नाही. वेंडल सकाळपासून गाडी घेऊन बाहेर आहे."

 त्याने भट्टीघराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

२

थेक्ला गावातली शाळामास्तरीण. बाळंतपणाच्या रजेवर होती. नवरा महामार्गाच्या मोजणीवर, रविवारचा तेवढा घरी. जानेवारीत, तीन राजांच्या सणाला, भट्टीची अडीचशे वर्षं पुरी होणार होती. त्यासाठी भट्टीचा इतिहास लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं आणि कामासाठी गढीत एक खोलीही मिळाली होती. लेक झोपली की लिहायचं, उठली की थांबायचं.

सणाची बिअर पुढच्या आठवड्याअखेर लावली नाही तर जानेवारीपर्यंत मुरणार नव्हती. पण आफ्राला घोर होता तो वेगळाच. म्हातारे कोर्बिनियान हॉलराइटर येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी, सोळा तारखेला, वकिलासमोर सही करणार होते. भट्टी जाणार होती लोरेन्झच्या नावावर. सर्वपित्रीच्या दिवशी, कबरींवर दिवे लावून परतताना, त्यांनी हे दोघांना सांगितलं होतं. आफ्राने तेव्हा एक शब्द काढला नव्हता.

"आता हे करून बोलतेय ती," लोरेन्झ सगळ्यांना सांगत होता. "मला नाही तर कुणालाच नाही, असं बोलतेय."

गुरुवारी थेक्ला म्हाताऱ्याकडे गेली. वय त्र्याहत्तर, मिशी अजून ताठ. त्यांची खोली तिच्याच मजल्यावर, अंगणाला लागून. आत शिरताच तिने शाल झीटाभोवती घट्ट केली. कोपऱ्यातली फरशांची मोठी शेगडी थंडगार होती आणि खिडकी उघडी होती. म्हातारा जाड लोकरीचा कोट घालून बसला होता.

"शेगडी का नाही पेटवली, आजोबा?"

"डॉक्टर म्हणाला, ऊब छातीला वाईट. बस, मास्तरीण. कुठपर्यंत आलीस?"

"पंचेचाळीस सालापर्यंत."

"मग नीट लिही." त्यांनी तिसऱ्यांदा तीच हकिकत सांगितली. परके सैनिक गढीत उतरले, सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी साका दुधाच्या किटलीत भरला आणि कोटाखाली दडवून जंगलातल्या लाकूडतोड्याच्या खोपटात नेला. तीन आठवडे. ओढ्यात ठेवून गार राखला, बिटाचा पाक मिळाला तो पाजला. "लोक आपली पोरं घेऊन पळत होते. मी किटली. हे किती पानं होईल?"

"दहा तरी होतील."

"आणि आफ्राला किती?"

"तिची दोनच वर्षं झालीत."

"तेच म्हणतो मी. दोन वर्षांना दोन पानं पुरे."

थेक्लाची नजर भिंतीवर गेली. ऑक्टोबरात तिथल्या खिळ्याला ती किटली लटकत होती. त्यांनीच मोठ्या कौतुकाने दाखवली होती. आता खिळा मोकळा होता.

"किटली?"

"घासायला दिलीय. प्रदर्शनात ठेवायचीय ना."

झीटाने मान वळवली. ती कपाटाकडे टक लावून पाहत होती. तिथे काहीच हलत नव्हतं.

"आफ्राने ते फेकलं असेल, असं वाटतं तुम्हाला?" थेक्लाने विचारलं.

म्हातारा खिडकीबाहेर, भट्टीघराच्या कुलपाकडे, बराच वेळ पाहत राहिला. "विरजण असं मरत नाही," तो म्हणाला. 

३

शनिवारी वेंडल मॉल्टच्या बाटल्यांचं खोकं घेऊन आला. वेंडल म्हणजे भट्टीतला गडी, पन्नाशीचा, खांदे दारात मावणार नाहीत असे. गावात कुणी बाळंतीण अंगावर पाजत असली की गढीतून तिला पंधरवड्याला एक खोकं जायचं. काळं, गोड, नावाला बिअर. नशा कसली नाही, नुसतं मोडाच्या सातूचं सत्त्व. पणजीच्या काळापासूनची रीत.

"मागचं खोकं गुरुवारीच संपवलंस म्हणे," वेंडल खोकं दाराबाहेर जिन्याखाली ठेवत म्हणाला. "पोरगी पितेय की मास्तरीणबाई?"

थेक्ला ओशाळली. तिला स्वतःलाच कळलं नव्हतं एवढं कसं प्यायलं गेलं. तिने विषय बदलला. "वेंडल, तुम्हाला काय वाटतं? कुणी केलं असेल?"

"लोरेन्झसाहेबांना विचार. लहानपणी म्हाताऱ्याच्या खांद्यावर बसून भट्टीत कोण जायचं, आफ्रा. साहेब अंगणात उभे. चाळीस वर्षं झाली, ते अजून अंगणातच उभे आहेत." तो हसला, मग हसू आवरलं. "आणि माझंही ऐकून ठेव, कुणीतरी सांगेलच. मी तिला दोनदा मागणी घातली. दोन्ही वेळा म्हणाली, माझं लग्न भांड्याशी लागलंय. त्या भांड्याचा मला राग नव्हता असं नाही. पण मी बुधवारी तीस मैलांवर होतो."

त्या दुपारी झीटा रडायला लागली ती थांबेना. थेक्लाने पाजलं, थोपटलं, गाणं म्हटलं. येरझाऱ्या घालून तिचे पाय दुखले. शेवटी आफ्रा आली आणि काही न विचारता तिने पोर उचलून खांद्यावर टाकलं. तिच्या अंगाला मॉल्टचा वास होता. झीटाने एक उसासा टाकला आणि गप्प झाली. डोळे मिटले.

थेक्लाला हायसं वाटायला हवं होतं. पण तिला काहीतरी टोचलं, बारीक, लाजिरवाणं. चार महिने रात्रंदिवस मी, आणि शांत व्हायला हिचा खांदा. झोपलेलं पोर तिने जवळजवळ हिसकावूनच घेतलं, आणि झीटा पुन्हा रडू लागली.

आफ्रा जायला वळली. दाराशी थांबून एवढंच म्हणाली, "सोमवारी मी गावात राहायला जातेय, खानावळीत. लोरेन्झने प्रयोगशाळेतून दुसरं यीस्ट मागवलंय. आजूबाजूच्या दहा गावांत जे लावतात तेच. मला ते बघवणार नाही."

"बाबांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, दार ओढून घे, वारा येतो. खिडकी सताड उघडी होती, थेक्ला."

४

सोमवारी मार्टिनचा सण. गावातली पोरं कंदील घेऊन फिरत होती आणि आफ्रा एक पेटी घेऊन गढीचा उतार उतरत होती. खानावळीच्या दारातल्या बायका तिच्याकडे बघून बोलायच्या थांबल्या.

मंगळवारी थेक्लाने बाटल्या मोजल्या. वेंडलचा टोमणा तिला लागला होता. खोक्यात वीस होत्या, शनिवार, रविवार, सोमवार मिळून तीन प्यायल्या, उरल्या सतरा. बरोबर.

शुक्रवारी सकाळी तिने पुन्हा खोकं ओढलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार, आणखी तीन गेल्या. चौदा भरलेल्या हव्या होत्या.

अकरा होत्या.

ती जिन्याखाली गुडघ्यांवर बसली. नऊ रिकाम्या बाटल्या. त्यातल्या सहा तिच्या, उभ्या ठेवलेल्या, तळाशी काळा चिकट थेंब असलेल्या. तिला कुठे विसळायला वेळ होता? उरलेल्या तीन मात्र धुतलेल्या होत्या. आतून स्वच्छ, आणि खोक्यात तोंड खाली करून उपड्या ठेवलेल्या. पाणी निथळावं म्हणून.

तिला तांब्याच्या भांड्याचं उपडं झाकण आठवलं.

झीटाला भूक लागली होती. थेक्ला तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून तिला पाजू लागली. पोर चुटुचुटु पीत होतं आणि थेक्ला विचार करत होती. जीव आहे म्हटल्यावर त्याला वेळेवर खायला लागतं. आपल्याला कितीही लपवायचं असलं तरी त्याला लागतंच.

ज्याने कुणी ते नेलं होतं, तो ते पोसत होता.

पाजणं संपलं तेव्हा तिला नावही कळलं होतं. उद्या सकाळी वकील येणार होता. ती तशीच उठली आणि म्हाताऱ्याच्या दाराशी गेली.

५

"आज काय, पुन्हा पंचेचाळीस साल?" कोर्बिनियान म्हणाले. बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"आज यंदाचं, अडुसष्ट साल, आजोबा." थेक्ला बसली. "पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी रागाने साका ओतून दिला. पण राग आलेला माणूस भांडं घासत नाही. ज्याला खरकटं भांडं बघवत नाही, त्याचं ते काम. म्हणजे लोरेन्झ नाही. त्याला स्वतःचा कप विसळता येत नाही."

"ते खरं," म्हातारा म्हणाला.

"ज्याने भांडं धुतलं त्यानेच माझ्या बाटल्या धुतल्या. त्या साक्याला पाजल्या. भट्टीला कुलूप आहे, गोड रस दुसरीकडे मिळणार नाही. वेंडलला हवा असता तर खाली तळघरात अशी शंभर खोकी आहेत, तोच ती उचलतो. बाळंतिणीच्या दारातून एकेक बाटली चोरायचं त्याला कारण नाही. आणि आफ्रा सोमवारीच गेली. या तीन बाटल्या त्यानंतरच्या."

"मग?"

"तळघराला बासष्ट पायऱ्या आहेत. ज्याच्या गुडघ्याला त्या झेपत नाहीत पण अंगण ओलांडणं आणि जिन्याखालपर्यंत येणं झेपतं, असा माणूस या मजल्यावर एकच. ज्याने एकदा जंगलात तीन आठवडे ते जगवलं होतं, तोच. ज्याची शेगडी पेटत नाही, कारण साक्याला ऊब चालत नाही. आणि ज्याची किटली खिळ्यावर नाही."

म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "डॉक्टर म्हणाला..."

कपाटातून आवाज आला. अगदी हलका. टप. झाकण उचललं जाऊन पुन्हा बसल्याचा. झीटाने मान तिकडे वळवली.

"हिला पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं," थेक्ला म्हणाली.

म्हाताऱ्याने काठी ओढून घेतली. मग कोर्बिनियान उठले, काठी टेकत कपाटापाशी गेले आणि दार उघडलं. कोटांच्या खाली, ओल्या पोत्यात गुंडाळलेली किटली होती. त्यांनी झाकण काढून वास घेतला. तोंडावरचा ताठा सैल पडला.

"सप्टेंबरअखेरीची गोष्ट," ते म्हणाले. "मायकेलच्या सणाची बिअर आली. आम्ही खानावळीत नेहमीच्या टेबलावर बसलो होतो. पहिला घोट घेतला आणि सगळे गप्प. मग तो चर्चची घंटा वाजवणारा झेबाल्ड म्हणाला, कोर्बिनियान, हे तुला कधी जमलं नाही रे. अख्खं टेबल हसलं. मीही हसलो. घरी येऊन बूट न काढताच पहाटेपर्यंत खुर्चीत बसून राहिलो."

"बिअर चांगली होती?"

"तेच तर." ते खाटेच्या कडेवर बसले. "तेच विरजण, माझंच. मी पोटाशी धरून वाचवलेलं. माझ्या हातात पन्नास वर्षं जे दिलं नाही ते तिच्या हातात दोन वर्षांत दिलं. म्हणून लोरेन्झच्या नावावर करायला निघालो. त्याच्यावरून मला कुणी हसणार नाही."

"आणि हे?"

"दोन दिवस लपवणार होतो. सगळे हवालदिल झाले की काढायचं. सणाची बिअर म्हातारा लावेल. पण लोरेन्झने त्याच दुपारी तिला चोर ठरवलं. मग काढलं असतं तर चोर कोण झालं असतं?"

"म्हणून तिला होऊ दिलंत."

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

"गेल्या शनिवारी माझी लेक तिच्या खांद्यावर शांत झाली," थेक्ला म्हणाली. "माझ्याकडे नाही झाली. तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे, आजोबा. पण म्हणून मी पोरीला कपाटात नाही ठेवलं. वकील उद्या दहाला येणार आहे. नऊला खानावळ उघडते. मी सांगायची की तुम्ही, एवढंच ठरवा."

६

शनिवारी सकाळी नेहमीचं टेबल भरलं होतं. पांढरे सॉसेज, गोड मोहरी, पाव. आफ्रा मागच्या दाराशी बटाटे सोलत बसली होती. राहण्याच्या बदल्यात ती खानावळीत काम करत होती. थेक्ला झीटाला घेऊन तिच्याजवळ बसली होती. ती काही सांगत नव्हती, तरी तिचे डोळे दारावर होते.

नऊ वाजून गेले. सव्वा नऊ. मग उताराच्या बाजूने काठीचा आवाज आला.

कोर्बिनियान आत आले. कोटाखाली पोटाशी काहीतरी होतं. ते टेबल ओलांडून थेट आफ्रासमोर उभे राहिले आणि किटली बटाट्यांच्या सालींत ठेवली.

आफ्राने हात पुसले. झाकण काढलं. वाकून वास घेतला, बोट बुडवलं, चाखलं. वर पाहिलं नाही.

"पाणी किती वेळा बदललंत?"

"दोनदा. सकाळ-संध्याकाळ."

"तीनदा बदलायचं असतं."

"दोनदा पुरतं. पंचेचाळीस साली..."

"पंचेचाळीस साली मला कुणी चोर म्हणत नव्हतं, बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. "दहा दिवस. मी पेटी घेऊन उतरत होते तेव्हा तुम्ही खिडकीत होतात. मी पाहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटतंय."

"वाटत होतं."

"मग ते तिकडे जाऊन सांगा." तिने सुरीने टेबलाकडे दाखवलं. "मला नको. त्यांना."

कोर्बिनियान वळले. ती पंधरा पावलं त्यांना गढीच्या उतारापेक्षा अवघड गेली. टेबलाच्या टोकाला त्यांनी काठी टेकवली.

"विरजण मी नेलं होतं," ते म्हणाले. "आफ्राने नाही. आणि मायकेलच्या सणाची बिअर..."  त्यांनी मिशी चावली. "ती माझ्यापेक्षा चांगली होती."

सॉसेजचं साल काढता काढता झेबाल्ड थांबला. "बिअरचं आम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "चोरीचं नवीन आहे. बस, गार होतंय."

"बसायला वेळ नाही. दहाला वकील येतोय, कागदावर नाव बदलायचंय."

लोरेन्झ चिडला, अर्थातच. त्याने प्रयोगशाळेला परत लिहायचं कसं, असं तीनदा विचारलं, आणि मग कुणाला न दिसेल असा भट्टीघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. आफ्राला दिसला. "आत ये की," ती म्हणाली. "चाळीस वर्षं काय दारात उभा आहेस? ती ढवळायची फळी धर." त्याने फळी धरली, उलटी.

वेंडलने भट्टी पेटवली होती. तांब्याच्या मोठ्या हंड्यात मॉल्ट चढलं, खिडक्यांवर वाफ धरली, गोड वास अंगणभर झाला. आता थांबण्यापलीकडे कुणाला काही करायचं नव्हतं. झीटा कुरकुरू लागली. थेक्लाने थोपटलं, हलवलं. आफ्राने हात पुढे केले. या वेळी तिने विचारलं, "घेऊ?"

थेक्लाने पोर दिलं. खांद्यावर जाताच झीटाचं डोकं कलंडलं आणि ती झोपली.

कोर्बिनियान उपड्या टबवर बसले होते. आफ्राने त्यांना पाणी बदलायच्या कामाला लावलं होतं, दिवसातून तीनदा. ते लेकीकडे पाहत नव्हते, थेक्लाकडे पाहत होते.

"दुखतं ना?" ते हळूच म्हणाले.

"थोडं."

"तरी उचलून घेऊ नकोस. झोपलीय ती."

थेक्लाचे हात अर्धवट उचललेले होते. ते तिने खाली आणले, मांडीवर ठेवले, आणि दोघं वाफेतून बघत बसले.